पिस्टवर मुसाशी: जुन्या जपानी तलवारबाजीतलं काय घ्यायचं आणि कसं घ्यायचं

नागपुरात फेन्सिंग करणाऱ्या कुठल्याही पोराशी दहा मिनिटं बोला, विषय फिरून फिरून समुराईवर येतोच. रील्स बघितलेल्या असतात, अ‍ॅनिमे बघितलेलं असते, मग विचारतात, दादा ते कटानावाले जे सांगतात ते आपल्या इपीत (फेन्सिंगच्या तीन तलवारींपैकी एक) चालते का? चालते, बरंचसं चालते, पण रीलमधे जो वार दिसतो तो नाही, त्या वाराच्या आधी जे होते ते, आणि ते सरावात आणायचं कसं हे कोणी धड सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. ज्यांना लंज (पुढचा पाय लांब टाकून हल्ला), पॅरी (वार अडवणं), रिपोस्ट (अडवून लगेच उलटा वार) इतकं येते आणि जे पूलमधे (सुरुवातीच्या गट फेरीत) दोन-चार बाउट, म्हणजे लढती, खेळून आलेत त्यांच्यासाठी आहे हे. अगदी नवीन असाल तर आधी काही महिने आपल्या सरांकडून फूटवर्क पक्कं करून घ्या, मग या.

आधी काय घ्यायचं नाही ते. कटाना दोन हातांनी धरायची, वाकडी, कापणारी तलवार, वजन साधारण एक ते सव्वा किलो. आपलं फॉइल जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, इपी ७७० ग्रॅम, तेही एका हातात, आणि या दोन्हीत कापणं नाहीच, फक्त टोक. त्यामुळे तिथली पकड, तिथले वार, डोक्यावर तलवार नेऊन उभं राहणं, यातलं काही इथे बसत नाही. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या आजच्या खेळात, दोन्ही पावलं समोर असतात आणि मागची टाच उचललेली, आपल्याकडे मागचं पाऊल आडवं, गुडघे वाकलेले, आणि लंजचा सगळा जोर त्या मागच्या पायातून येतो. हे बदलायला गेलात तर सर ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील.

अजून एक, जपानला मेडल मिळतात ते समुराईचं रक्त आहे म्हणून, हे बोलणं सोडा. पॅरिस २०२४ ला कोकी कानोने पुरुष इपीचं वैयक्तिक गोल्ड काढलं, त्यांच्या पुरुष फॉइल टीमने गोल्ड काढलं, त्याआधी टोकियोत इपी टीमचं गोल्ड होतं, सगळं खरं आहे, पण त्यामागे युक्रेनहून येऊन वर्षानुवर्षं शिकवणारे कोच आहेत आणि रोजची हाडं मोडणारी मेहनत आहे. आणि आपल्या भवानी देवीने २०२३ च्या एशियन चॅम्पियनशिपमधे, चीनमधल्या वुशीला, मिसाकी एमुराला १५-१० ने हरवलंच की, एमुरा तेव्हा सेबरची (आपली तिसरी, कापणारी तलवार) वर्ल्ड चॅम्पियन होती. तेव्हा हे शिकायला जपानी असावं लागत नाही. तसंही शेजारच्या कामठीला जपानी मदतीने बांधलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार असलेल्या आपल्या शहराला जपान काही अगदी परका नाही.

मग घ्यायचं काय. तीन माणसं लक्षात ठेवा. मियामोतो मुसाशी, जो स्वतः सांगतो की तेराव्या वर्षापासून साठाहून जास्त लढती खेळलो आणि एकही हरलो नाही, त्याने म्हातारपणी १६४३ ते १६४५ च्या दरम्यान कुमामोतोजवळच्या रेइगांदो नावाच्या गुहेत बसून आपली विद्या लिहून ठेवली. दुसरा याग्यू मुनेनोरी, तोकुगावा शोगुनांना (जपानचे लष्करी राज्यकर्ते) तलवार शिकवणारा, त्याने १६३२ मधे आपल्या घराण्याचं सगळं लिहून काढलं. आणि तिसरा ताकुआन, हा झेन भिक्खू, लढवय्या नाही, पण त्याने मुनेनोरीला मनाबद्दल जे लिहून पाठवलं ते आजही केंडोवाले वाचतात. तिघांचंही निम्म्याहून जास्त बोलणं तलवारी भिडायच्या आधीच्या क्षणाबद्दल आहे, अंतर किती, नजर कुठे, आधी कोण हललं, मन कुठे अडकलं. आपल्या सरावात नेमकं हेच राहून जाते, कारण आपण हात शिकतो, पॅरी चार, पॅरी सहा (अडवायच्या जागांचे नंबर), बीट (समोरच्याच्या पात्याला टिचकी), डिसएंगेज (त्याचं पातं चुकवून टोक पलीकडे नेणं), आणि टचचा लाइट लागला की खूश.

सुरुवात अंतरापासून करा. जपानी लोक त्याला माआइ म्हणतात आणि केंडोत त्याचे तीन टप्पे शिकवतात, लांबचं, एका पावलात वार पोचेल असं मधलं, आणि जवळचं. आपल्याकडे हेच अ‍ॅडव्हान्स-लंजचं अंतर, लंजचं अंतर आणि नुसता हात लांब करून टोक टेकेल ते अंतर (अ‍ॅडव्हान्स म्हणजे एक पाऊल पुढे). बहुतेक पोरांना हे तोंडपाठ असते पण स्वतःचं अंतर कधी मोजलेलं नसते. ते मोजा. गच्चीवर किंवा हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवर टार्गेट लावा, ऑन गार्ड (लढायच्या पवित्र्यात) उभं राहून नुसता हात लांब करून टोक टेकते तिथे पुढच्या पायाच्या अंगठ्यापाशी खडूने रेघ मारा, मग लंजने टेकते तिथे दुसरी, मग एक अ‍ॅडव्हान्स आणि लंज मिळून टेकते तिथे तिसरी. आता दहा मिनिटं दमेपर्यंत फूटवर्क करा आणि पुन्हा मोजा. दुसरी आणि तिसरी रेघ आत सरकलेली दिसेल, आणि डीईच्या (हरला तो बाहेर, अशा बाद फेरीच्या) तिसऱ्या पिरियडमधे तुमचे टच का कमी पडतात ते तिथेच कळून जाईल. वाढत्या वयाच्या पोरांनी हे दर महिन्याला करायचं कारण उंची वाढली की रेघा बदलतात. इपीवाल्यांनी एक जास्तीचं ध्यानात घ्या, समोरच्याचा हात त्याच्या छातीपेक्षा खूप जवळ असतो, म्हणून तुमच्यासाठी या तिन्ही रेघा दोन-दोन होतात, एक हातासाठी आणि एक अंगासाठी.

आता यातली खरी मजेची गोष्ट. केंडोचे जुने मास्तर सांगतात की अंतर असं ठेव की समोरच्याला तू लांब आणि तुला तो जवळ. दोघांमधलं अंतर तर एकच असते, मग हे कसं? वेळेमुळे. समोरचा पुढे यायला निघाला आणि त्याचा पुढचा पाय हवेत आहे, त्या क्षणी तो मागे जाऊ शकत नाही, आणि त्याचंच पाऊल अंतर कमी करून राहिलं, म्हणजे तुमचा लंज फुकटात लांब झाला. त्याचं पाऊल टेकलं की संपलं. यासाठी जोडीने एक सराव करा, आधी तलवारीशिवाय, नुसता ग्लव्ह घातलेला हात पुढे. एक जण मनाला येईल तसं पुढे-मागे करेल, दुसरा आपल्या तिसऱ्या रेघेवर, म्हणजे अ‍ॅडव्हान्स-लंजच्या अंतरावर टिकून राहील, आणि समोरच्याचा पुढचा पाय उचलला की फक्त तेव्हाच लंज मारून छातीला हात टेकवेल. तो मागे जात असताना मारला तर तुमचा एक पॉइंट कापायचा, टेकला असला तरी कापायचा. सुरुवातीला सगळे उशिरा जातात. पाय बघून निघाले की उशीरच होतो, मग हळूहळू पाय उचलायच्या आधी कंबर पुढे झुकते, गुडघा थोडा हलका होतो, ते दिसायला लागते.

ते दिसावं म्हणून नजर. मुसाशीने दोन प्रकारचं बघणं सांगितलं आहे, एक नुसतं डोळ्याने बघणं आणि एक आतून ओळखणं, पहिलं हलकं ठेवा आणि दुसरं तगडं. लांबचं जवळ असल्यासारखं बघा आणि जवळचं लांब असल्यासारखं. केंडोत लांबच्या डोंगराकडे बघावं तसं समोरच्याकडे बघायला शिकवतात. संध्याकाळी बर्डीच्या गर्दीतून गाडी काढताना तुम्ही एका ऑटोकडे टक लावून बघत नाही, सगळं एकदम दिसत असते आणि कुठून काय घुसून राहिलं ते आपोआप कळते, तेच इथे. समोरच्याच्या टोकाकडे बघू नका, टोक सगळ्यात जास्त खोटं बोलते. मास्कच्या खाली, गळा आणि खांद्यांच्या मधोमध नजर सैल सोडा, हात आणि पाय कडेला दिसत राहतील. हे जमून राहिलं की नाही ते तपासायला जोडीदाराला सांगा की हल्ला करता करता मागच्या मोकळ्या हाताने बोटं दाखव, दोन, चार, तीन, आणि तुम्ही पॅरी घेता घेता आकडा मोठ्याने सांगायचा. पॅरीही चुकायला नको आणि आकडाही. पहिल्या दिवशी दोन्हीतलं एकच जमते, घाबरू नका, दोनेक आठवड्यांत दोन्ही जमायला लागते.

पुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात कामाची वाटते. मुसाशी तिला उशी दाबून धरणं म्हणतो. झोपलेल्या माणसाने उशीवरून डोकं उचलायच्या आधीच ते दाबायचं, म्हणजे समोरच्याची हालचाल पुरी होऊ द्यायची नाही आणि नंतर अडवायचीही नाही, ती सुरू होतानाच मारून टाकायची. हे पिस्टवर, म्हणजे आपण खेळतो त्या लांब पट्टीवर, असं आणा. समोरचा हात लांब करायला लागला, त्याचा खांदा किंचित वर आला, की छोटासा बीट आणि लगेच हात सरळ. बीट म्हणजे धोपाटणं नाही, मनगट आणि बोटांतून टिचकी, आणि तीही त्याच्या पात्याच्या टोकाकडच्या भागावर, गार्डजवळच्या जाड भागावर मारली तर फॉइलमधे रेफरी तो बीट धरणार नाही. सराव असा की जोडीदार सलग हल्ले सुरू करत राहील पण वेगवेगळ्या वेळेने, कधी लगेच, कधी पाच सेकंद थांबून, आणि तुम्ही टच मारायचाच नाही, फक्त प्रत्येक वेळी त्याचं पातं सुरुवातीलाच हलवायचं. टच नसला की हात शांत होतो आणि सुरुवात ओळखण्यावर लक्ष बसते. एक आठवडा एवढंच करा, मग त्यात लंज जोडा. आणि लक्षात ठेवा, क्षुल्लक हालचाल दाबत बसायचं नाही, मुसाशीच सांगतो की समोरचा काही बिनकामाचं करून राहिला तर करू द्या, कामाचं असेल तेच दाबा. नाहीतर तो नुसतं टोक हलवून तुम्हाला नाचवेल.

मुनेनोरीचं एक सूत्र याला जोडून घ्या, अंग आणि पाय हल्ल्यात, तलवार थांबलेली. म्हणजे पायांनी दाब टाकत जा, अर्धं पाऊल, अजून अर्धं, पण हात रिकामा, सैल, काहीच न सांगणारा. समोरच्याला वाटते आता आलाच, आणि तो घाईत काहीतरी करून बसतो, हात बाहेर फेकतो किंवा अर्धवट स्टॉप हिट (हल्ला येत असतानाच मधे मारलेला वार) मारतो, आणि तुम्ही त्याच्यासाठीच थांबलेले असता. आपले सर ज्याला सेकंड इंटेन्शन म्हणतात त्याचं हे मूळ समजा. पिस्ट १४ मीटरचं आहे, सुरुवातीच्या रेघेपासून तुमच्या मागे फक्त ५ मीटर, त्यातले शेवटचे २ मीटर इशाऱ्याचे, तेव्हा असा शांत दाब टाकत समोरच्याला त्या २ मीटरमधे नेलं की त्याच्यासमोर दोनच रस्ते उरतात, बाहेर जाऊन पॉइंट देणं किंवा घाईत हल्ला करणं.

पण समोरचा दगडासारखा उभा असेल, काहीच कळत नसेल तर? यावरही मुसाशीकडे उत्तर आहे, सावली हलवणं. त्याचं मन दिसत नसेल तर जोरात हल्ला केल्यासारखं करा, तो जे करेल ती त्याच्या मनाची सावली. बाउटच्या सुरुवातीला हे पक्क्या हिशोबाने करा. एक खोटा हल्ला बाहेरच्या बाजूने, एक आतल्या बाजूने, एक पायाकडे जर इपी असेल तर. प्रत्येक वेळी हात पूर्ण लांब, पाय खरे, पण लंज अर्धा आणि लगेच परत. बघायचं एवढंच, तो चारची पॅरी घेतो की सहाची, की गोल फिरवतो, की पॅरी घेतच नाही आणि नुसता मागे पळतो, की उलटा अंगावर येतो. दोन खोट्या हल्ल्यांत माणूस बऱ्यापैकी उघडा पडतो कारण घाबरल्यावर हात सवयीचंच करतो. खोटा हल्ला मात्र खोटा दिसला तर सावली हलत नाही, आणि इथेच पोरं मार खातात, हात अर्धा, पाय जागेवर, समोरचा ढिम्म. व्हिडिओ काढून बघा, तुमचा खोटा आणि खरा हल्ला पहिल्या अर्ध्या सेकंदात वेगळा दिसून राहिला असेल तर समोरच्यालाही दिसून राहिला आहे.

आणि सापडलं की तेच तेच मारत बसू नका. मुसाशीचा नियम सोपा आहे, तीच चाल दोनदा करावी लागली तर करा, तिसऱ्यांदा नको, त्याला वाटते डोंगर तर तुम्ही समुद्र, त्याला वाटते समुद्र तर तुम्ही डोंगर. हे ऐकायला सोपं आणि ५ टचच्या पूलमधे पाळायला फार अवघड, कारण एक चाल दोनदा लागली की हात खाजवतो. सरावाच्या बाउटमधे सरळ नियम करून टाका की एकाच चालीने लागलेला सलग तिसरा टच मोजायचाच नाही. आमच्याकडे एकाला हा नियम लावला तर म्हणे, "पण सर, लागून राहिला नं तो?" लागून राहिला, आज लागून राहिला. ओळखीच्या पोरांमधे लागतो, स्टेटला पहिल्या दोन टचनंतर समोरच्याचे सर पिस्टच्या कडेवरून बघत असतात आणि तिसऱ्याला तिथे पॅरी तयार असते.

आता एक सावधगिरी, जी बहुतेक जण सांगत नाहीत. जपानी लोक पहल करण्याचे तीन प्रकार मानतात, मी आधी निघालो, तो निघाला आणि मी त्याच्यावर हावी झालो, आणि दोघं एकदम निघालो पण मी जिंकलो. हे तिन्ही इपीत जसेच्या तसे चालतात कारण तिथे ज्याचं टोक आधी लागलं त्याचा टच. फॉइल आणि सेबरमधे राइट ऑफ वे आहे, म्हणजे हल्ला ज्याचा आधी सुरू झाला त्याचा हक्क आधी, तिथे समोरच्याचा हल्ला नीट सुरू झाल्यावर तुम्ही कितीही सुंदर मधेच घुसलात तरी दोन्ही लाइट लागले तर टच त्याचा. म्हणून फॉइलमधे उशी दाबायची ती त्याच्या तयारीत, हात लांब व्हायच्या आधी, किंवा बीट मारून, किंवा मग पॅरी-रिपोस्ट. सेबरमधे तर मशीन फक्त १७० मिलिसेकंदांत दुसरा लाइट बंद करते, तिथे विचार करायला जागा नाही, चार मीटरच्या अंतरात पहिल्या दोन पावलांतच सगळं ठरते, सेबरवाल्यांनी यातली नजर आणि अंतर या दोनच गोष्टी आधी घ्याव्या.

आणि दोघांनी एकमेकांना एकदम मारणं, त्याला ते आइउची म्हणतात. खऱ्या तलवारीत याचा अर्थ दोघंही मेले. जुने लोक सांगतात की मरायची तयारी ठेवून आत जा, आणि ती निर्भयता घ्यायला हरकत नाही, पण हिशोब इपीचाच ठेवा. इपीत ४० मिलिसेकंदांच्या आत दोघांचे टोक लागले तर दोघांनाही पॉइंट. १४-१२ ने पुढे असाल तर डबल म्हणजे तुमचा विजय, मागे असाल तर डबल म्हणजे आत्महत्या. पुढे असताना हात सरळ, लक्ष्य जवळचं, समोरच्याला डबल घ्यायला भाग पाडा. मागे असताना पात्याला पातं लावून मगच आत जा, त्याची रेषा बंद करून, जपानी तलवारबाजीच्या इत्तो शाळेत समोरच्याचा वार आपल्या वाराखाली दाबत आत जायचं जे शिकवतात तीच वृत्ती. उगाच वाट बघत उभंही राहता येत नाही, मिनिटभर टच झाला नाही तर डीईमधे पॅसिव्हिटीचं (न लढल्याचं) कार्ड येऊ शकते.

मनाचं जरा निवांत वाचा. ताकुआनने मुनेनोरीला सांगितलं ते असं की मन समोरच्याच्या तलवारीवर ठेवलं तर ती तलवार मनाला पकडते, स्वतःच्या तलवारीवर ठेवलं तर तीही पकडते, जिंकण्यावर ठेवलं तर ते पकडते, तेव्हा मन कुठेही थांबू देऊ नका. पिस्टवर मन सगळ्यात जास्त थांबते ते मागच्या टचवर. रेफरीने चुकीचा दिला असं वाटते, बॉडी वायरने (तलवार मशीनला जोडणारी तार) दगा दिला असं वाटते, आणि पुढचा टच त्या रागातच जातो. याला उपाय म्हणून रेफरीच्या हॉल्टपासून ऑन गार्डपर्यंतचा वेळ बांधून टाका. हॉल्ट झालं, पाठ सरळ, रेघेकडे चालत या, चालताना एक लांब श्वास बाहेर, टोक आणि पातं तपासा, मनात एकच शब्द म्हणा की आता काय करायचं, "दाब", "थांब", "पाय", काहीही, पण एकच. मग मास्क. रोज सरावात प्रत्येक टचनंतर हेच करायचं, हरलात तरी, जिंकलात तरी, मैत्रीतल्या बाउटमधेही, तेव्हा कुठे ते मॅचमधे आपोआप होते.

केंडोत मनाचे चार आजार सांगतात, दचकणं, भीती, शंका आणि गोंधळ. स्वतःचे तर ओळखाच, पण समोरच्याचे ओळखलेत तर बाउट अर्धी झाली. दचकलेला माणूस हात मोठा फेकतो, पॅरी गरजेपेक्षा दुप्पट रुंद घेतो, तिथे डिसएंगेज. घाबरलेला हल्ला नसतानाही मागे सरकतो, तिथे घाई करायची नाही, पायांनी त्याला मागे ढकलत न्या, पिस्ट तुमचं काम करेल. शंका आली तो अर्धा निघून थांबतो, हात जातो पाय जात नाहीत, ती थांबण्याची जागा म्हणजे तुमचा क्षण, तिथेच लंज. आणि गोंधळलेला दर टचला नवीन काहीतरी करतो, कशातच ताळमेळ नाही, त्याच्यासमोर साधं खेळा, अंतर ठेवा, एकच पॅरी, एकच रिपोस्ट. १५ टचच्या डीईमधे ३ मिनिटांनंतर जो १ मिनिटाचा ब्रेक मिळतो त्यात पाणी पिता पिता सरांना हेच सांगा, की समोरच्याला यातला कोणता आजार आहे. स्कोर त्यांना दिसतोच.

राहिलं झानशिन, म्हणजे वार झाल्यावरही पूर्ण जागं राहणं. केंडोत ते नसेल तर लागलेला वारही पॉइंट धरत नाहीत, आणि पॉइंट मिळाल्यावर नाचलात तर दिलेला काढूनही घेतात. आपल्याकडे असा नियम नाही म्हणून सवय बिघडते. कुठल्याही हॉलमधे उभं राहून बघा, तेरा-चौदा वर्षांची एखादी पोरगी इतका सुंदर लंज मारते, टोक लागले न लागले तोच मान वळली लाइटच्या बॉक्सकडे, हात कोपरातून खाली, पुढचा पाय तिथेच रुतलेला, आणि समोरचीची पॅरी झालेली असते, तिचा रिपोस्ट निवांत खांद्यावर. "सर माझा लाइट लागला असता," नाही बेटा, तुझं बघणं आधी झालं. हॉल्ट ऐकू येईपर्यंत बाउट सुरू आहे. सराव एकदम साधा, प्रत्येक लंजनंतर, लागो न लागो, रिकव्हर (परत पवित्र्यात), दोन पावलं मागे, टोक समोरच्याकडे, आणि सरांनी टाळी वाजवल्याशिवाय मास्क वर नाही. सरांनी कधी लगेच वाजवावी, कधी दहा सेकंद वाजवूच नये. आणि बॉक्स पोरांच्या पाठीमागे ठेवून एक-दोन बाउट खेळवा, लाइट फक्त बाहेरच्यांना दिसेल असा, फार फरक पडतो.

आता हे सगळं एकदम करायला जाऊ नका, महिन्याला एक पकडा. पहिला महिना अंतर, मग नजर, मग उशी, मग सावली, झानशिन मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यात मिसळलेलं. नागपूरच्या उन्हाचाही हिशोब ठेवा, मे मधे पारा ४५ च्या आसपास असताना बंद हॉलमधे जॅकेट, त्याखालचं प्लास्ट्रॉन आणि मास्क घालून दोन तास काढणं म्हणजे शरीराशी दुश्मनी, तेव्हा त्या दिवसांत तलवारीशिवायचे सराव, पाय बघून लंज मारणं, बोटं मोजणं, रेघा मोजणं, हे सकाळी साडेपाच-सहाला गच्चीवर किंवा अंबाझरीकडे उरकून घ्या आणि पूर्ण किट घालून बाउट संध्याकाळी उशिरा, कमी वेळ. जोडीदार नसेल त्या दिवशी छताला दोरीने टेनिस बॉल टांगा, हलका धक्का द्या आणि तो तुमच्याकडे यायला निघतो त्या क्षणी टोक लावा, जाताना नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक बाउटनंतर तीनच ओळी, समोरच्याने खोट्या हल्ल्याला काय केलं, मी कुठली चाल तिसऱ्यांदा केली का, आणि माझं मन कुठे थांबलं. महिन्याच्या शेवटी एक बाउट मोबाइलवर काढा, आवाज बंद करून जोडीदारासोबत बघा, आणि तुमच्या पायांबद्दल तो जे सांगेल ते वाद न घालता पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.